फाटलेल्या नादाचा सन्मान

सुस्वर कोणास म्हणावे आणि कर्कश कोणास म्हणावे, याचा निवाडा शास्त्राने करावयाचा की कानाने, हा वाद संगीताइतकाच जुना आहे. नभोवाणीच्या श्रोत्यांना तर त्याचा एक दाखला घरचाच आहे. १९४० सालच्या मार्च महिन्यात अखिल भारतीय नभोवाणीने पेटीला, म्हणजे हार्मोनियमला, आपल्या केंद्रांतून रजा दिली. तिच्यातून मींड निघत नाही, श्रुतींचा तिला गंध नाही, तिचे स्वर ठोकळ्यासारखे एकापुढे एक मांडलेले, असे आक्षेप होते. आणि ते सर्वस्वी खोटे होते असेही नव्हे. तथापि ज्या महाराष्ट्रात गोविंदराव टेंबे यांच्यासारख्या कलावंताने त्याच पेटीला बोलते केले होते, आणि जेथे गावोगावच्या भजनी मंडळांचे तिच्यावाचून पान हलत नव्हते, तेथील लोकांनी तिला घराबाहेर काढले नाही. अखेर सुमारे तीस वर्षांनी, १९७१ च्या सुमारास, ही बंदी सैल झाली व पेटी पुन्हा नभोवाणीवर ऐकू येऊ लागली.

पेटीचा वनवास असा संपत असतानाच, १९७२ साली, मुंबईत इंग्लंडातील दोन तरुण कलावंत येऊन उतरले. एकाचे नाव जिमी पेज व दुसऱ्याचे रॉबर्ट प्लांट. ‘लेड झेपेलिन’ या वाद्यवृंदाचे हे अनुक्रमे गिटारवादक व गायक. त्यांची कीर्ती तोवर अटलांटिकच्या दोन्ही तीरांवर पसरली होती. पेज हा विजेच्या गिटारीतून जो नाद काढीत असे, त्याला सभ्य कान फार काळ दोषच मानीत आले होते. तो नाद फाटलेला, गुरगुरणारा, कडांना करवतीसारखे दाते असलेला असे. हा दोष गुण कसा ठरला, आणि त्याचे मुंबईशी व आपल्या वाद्यपरंपरेशी नाते कसे पोहोचते, हे पाहणे उद्बोधक होईल.

आपल्या संगीतशास्त्रात नादाचे तीन गुण सांगितले आहेत : उच्चनीचता, लहानमोठेपणा आणि जात. पहिल्याने षड्ज कोणता व पंचम कोणता हे कळते. दुसऱ्याने आवाज जवळ पोहोचेल की दूर, हे ठरते. आणि तिसऱ्याने, डोळे मिटलेले असले तरी, वाजते आहे ती सनई की सारंगी, हे लहान मूलही ओळखते. प्रस्तुत विषय या तिसऱ्या गुणाचा, नादाच्या जातीचा आहे. शहाडपासून बदलापूरपर्यंत ज्याने ज्याने गणेशोत्सवातील मंडपाचा कर्णा ऐकला आहे, त्याला फाटलेल्या नादाची ओळख निराळी करून देण्याची गरज नाही. ध्वनिवर्धकाच्या कुवतीपेक्षा अधिक आवाज त्याच्याकडून मागितला की गाणाऱ्याचा गळा जणू चिरला जातो. सनईच्या ठिकाणी भुंग्यांचा थवा ऐकू येतो. मंडपात हे होऊ नये म्हणून कारागीर धडपडतो. हार्ड रॉक नावाच्या संगीतप्रकारात मात्र तेच मुद्दाम घडवून आणले जाते.

विजेची गिटार जन्मास आली ती ओरडण्यासाठी नव्हे, केवळ ऐकू येण्यासाठी. १९३० च्या आसपास अमेरिकेत मोठमोठ्या वाद्यवृंदांची चलती झाली, आणि त्यांतील पितळी वाद्यांपुढे लाकडी गिटारीचा आवाज लोपून जाऊ लागला. तेव्हा जॉर्ज बीचम आणि अ‍ॅडॉल्फ रिकेनबॅकर यांनी १९३१–३२ च्या सुमारास तारेखाली लोहचुंबक व तांब्याच्या तारेचे वेटोळे बसवून एक हवाईयन पद्धतीची गिटार तयार केली. तिचा आकार तव्यासारखा असल्यामुळे लोक तिला तवाच म्हणत. पोलादी तार चुंबकासमोर थरथरली की वेटोळ्यात अल्पसा विद्युत्प्रवाह उत्पन्न होतो, हे तत्त्व फॅरेडेने १८३१ सालीच दाखवून दिले होते. तो क्षीण प्रवाह रेडिओत असतात तशा व्हॉल्व्हमधून वाढवून कर्ण्यास पुरवला, की काम झाले. १९३९ साली चार्ली ख्रिश्चन हा कृष्णवर्णीय तरुण बेनी गुडमन याच्या वृंदात दाखल झाला, आणि गिटार ताल धरणाऱ्यांच्या रांगेतून उठून पुढे येऊन बोलू लागली. १९४२ साली, वयाच्या अवघ्या पंचविसाव्या वर्षी तो निवर्तला; परंतु त्याने दाखवलेली वाट बंद झाली नाही. पुढे कॅलिफोर्नियातील लिओ फेंडर नावाच्या रेडिओ दुरुस्त करणाऱ्या कारागिराने पोकळ पेटीऐवजी भरीव फळीची गिटार बनवली. तीच १९५१ पासून टेलिकास्टर या नावाने प्रसिद्धीस आली. १९५२ साली गिब्सन कंपनीने आपली लेस पॉल ही गिटार बाजारात आणली. फेंडरच्या वाद्याचा नाद धारदार व चकचकीत. गिब्सनचा, विशेषतः १९५७ पासून तिच्यावर दुहेरी वेटोळी बसू लागल्यानंतरचा, भरदार आणि घनगंभीर.

नाद फाटण्याची कथा मात्र अपघातांची आहे. १९५१ साली मेम्फिस येथे ‘रॉकेट ८८’ या गाण्याचे ध्वनिमुद्रण झाले. त्याआधी वाटेतच गिटारवाल्याच्या ध्वनिवर्धकास इजा झाली. दुरुस्तीस वेळ नव्हता, तेव्हा कर्ण्याच्या फाटक्या पडद्यात कागद कोंबून काम भागवले, असे सांगतात. आणि त्या घरघरीनेच गाणे लक्षात राहिले. १९५८ साली लिंक रे याने कर्ण्याच्या पडद्याला पेन्सिलीने भोके पाडली. १९६४ साली लंडनमध्ये डेव्ह डेव्हिस याने तोच पडदा दाढीच्या पात्याने चिरला. या दोहोंच्या मधल्या काळात, १९६१ साली प्रसिद्ध झालेल्या एका गाण्याच्या वेळी, नॅशव्हिल येथील मुद्रणयंत्राचा एक भाग ऐन वादनात बिघडला व स्वर भुणभुणू लागला. तेथील तंत्रज्ञाने ती बिघाडलेली जागा फेकून न देता तिचा अभ्यास केला, आणि तसाच बिघाड हुकमी घडवून आणणारी एक लहानशी डबी तयार केली. १९६२ साली ती विकावयास आली, आणि १९६५ साली रोलिंग स्टोन्सच्या ‘सॅटिस्फॅक्शन’ या गाण्याने तिचा आवाज जगाच्या कानी घातला. यंत्राचा दोष असा तीनचार वर्षांत बाजाराचा माल झाला. त्याच १९६२ साली पश्चिम लंडनमधील हॅनवेल येथे जिम मार्शल या ढोलवादक दुकानदाराने आपले ध्वनिवर्धक तयार करण्यास आरंभ केला, आणि काही वर्षांत शंभर वॉट शक्तीची त्याची यंत्रे रंगमंचावर कपाटांसारखी एकावर एक उभी राहू लागली.

आता यातील शास्त्र पाहू. तारेचे कंपन कागदावर काढून दाखवले तर ते डोंगरदऱ्यांच्या रांगेसारखे दिसते. व्हॉल्व्हकडून त्याच्या शक्तीबाहेर काम घेतले की त्या डोंगरांचे माथे छाटले जातात आणि दऱ्यांचे तळ सपाट होतात. या छाटाछाटीतून मूळ स्वरात नसलेले अनेक वरचे स्वर उत्पन्न होतात. करवतीचे दाते म्हणतात ते हेच. दुसरा परिणाम असा की, मोठा आवाज छाटला जातो व लहान तसाच राहतो, त्यामुळे दोहोंतील अंतर कमी होते. गिटारीचा स्वर एरवी छेडताक्षणीच विरू लागतो; येथे तो सारंगीच्या स्वरासारखा दीर्घकाळ टिकून राहतो. मींड घेण्यास, स्वर खेचून चढवण्यास, त्यास मानवी गळ्यासारखा कंप देण्यास अवसर मिळतो, तो या टिकाऊपणामुळे. म्हणजे ज्या गुणाच्या अभावी पेटीला नभोवाणीतून घालवले, तोच गुण गिटारीला नाद फाडण्यातून लाभला.

याहून नवल पुढेच आहे. फाटलेल्या नादात दोन स्वर एकत्र वाजवले की त्यांच्या कंपनसंख्यांची बेरीज व वजाबाकी होऊन आणखी स्वर निघतात. बहुतेक जोड्यांत यामुळे गोंधळ माजतो. परंतु षड्ज व पंचम यांचे प्रमाण दोनास तीन असे आहे. त्यांची वजाबाकी एक, म्हणजे षड्जाच्या खालच्या सप्तकातील षड्ज. आणि बेरीज पाच, म्हणजे वरच्या सप्तकातील शुद्ध गांधार. त्यामुळे ही एकच जोडी फाटूनही सुसंवादी राहते, नव्हे अधिक भरदार होते. हार्ड रॉकचे वादक षड्ज-पंचमाच्या या जोडीवरच आपली सारी इमारत उभी करतात, ते गणित करून नव्हे, कानाने निवडून. आणि आपला तानपुरा? तोही पंचम आणि षड्ज यांतच मिळवलेला असतो. आणि तो नीट लागला की कोणीही न छेडलेला गांधार त्यातून आपोआप उमटतो. आपल्या गवयांनी त्यास स्वयंभू गांधार असे सार्थ नाव दिले आहे. यंत्र वेगळे, वाट वेगळी, पण सापडलेला गांधार एकच.

साम्य येथेच संपत नाही. तानपुऱ्याचा तो गोड गुंजारव तरी निर्दोष तारेचा असतो काय? तार घोडीच्या किंचित फुगीर पाठीवरून जाताना तिला घासत राहते, खाली सरकवलेला सुताचा धागा ती घसट नेमकी करतो, आणि त्या घसटीतून वरच्या स्वरांचे मोहोळ उठते. यालाच जवारी म्हणतात. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ साली भारतीय तंतुवाद्यांवर जो निबंध लिहिला, त्यात त्यांनी दाखवून दिले की, पाश्चात्त्य शास्त्राच्या मान्य नियमानुसार जे उपस्वर तारेतून निघता कामा नयेत, ते तंबोऱ्याच्या व वीणेच्या घोडीमुळे निघतात. मिरजेच्या कारागिरांचे सारे कसब या घोडीवर कानस फिरवण्यात आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास फरीदसाहेब सितारमेकर यांनी तेथे या धंद्याचा पाया घातला. त्याच मिरजेत खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांनी वास्तव्य केले. आणि २०२४ साली मिरजेच्या सतारीस व तानपुऱ्यास भौगोलिक मानांकन मिळाले. तेव्हा तारेचा स्वच्छ नाद मुद्दाम खरवडून अधिक श्रीमंत करणे ही कल्पना महाराष्ट्राच्या कानास परकी नाही. आपण ती लाकूड आणि सूत यांनी साधली, पश्चिमेने व्हॉल्व्हने.

जिमी पेज याचा जन्म ९ जानेवारी १९४४ रोजी लंडनलगतच्या हेस्टन येथे झाला. तारुण्याच्या आरंभीची काही वर्षे तो लंडनच्या ध्वनिमुद्रण-शाळांत रोजंदारीचा वादक होता. आज एका गायकाच्या मागे, उद्या दुसऱ्याच्या, अशी ती नोकरी. पण तीत त्याने डोळे व कान उघडे ठेवले. ध्वनिग्राहक वाद्याच्या तोंडाशी चिकटवून ठेवला तर आवाज चपटा येतो. दुसरा काही अंतरावर ठेवला तर खोलीची हवाही त्यात उतरते आणि नादास खोली येते, हे त्याने तेथे हेरले. १९६८ च्या शरदात लंडनच्या ऑलिंपिक ध्वनिमुद्रणशाळेत लेड झेपेलिनची पहिली तबकडी तयार झाली व १९६९ च्या आरंभी ती प्रसिद्ध झाली. तिचा प्रचंड नाद ऐकून श्रोत्यांनी राक्षसी यंत्रांची कल्पना केली. वास्तविक पेजच्या हाती तेव्हा जेफ बेक या मित्राने दिलेली १९५९ ची टेलिकास्टर गिटार व सुप्रो बनावटीचा एक बेताचा ध्वनिवर्धक होता. लहान यंत्र, पण पुरते पिळून काढलेले, आणि ध्वनिग्राहक विचारपूर्वक ठेवलेले. १९६९ साली त्याने जो वॉल्श या अमेरिकन वादकाकडून १९५९ ची लेस पॉल विकत घेतली आणि मार्शलच्या मोठ्या यंत्रांची जोड तिला दिली. तीच जोडी पुढे त्याची खूण झाली. तरी १९७१ सालच्या ‘स्टेअरवे टू हेवन’ या सर्वांत गाजलेल्या गीतातील गिटारीची फिरत लेस पॉलवरची नाही, त्या जुन्या टेलिकास्टरवरचीच आहे. नुसत्या नादावरून वाद्य ओळखल्याची पैज लावणारे किती तरी जाणते तेथे फसले आहेत.

पेजला पूर्वेकडील संगीताची ओढ होती. पहिल्याच तबकडीतील ‘ब्लॅक माउंटन साइड’ या तुकड्यात विराम जसानी यांचा तबला आहे. व्हायोलिनचा गज घेऊन तो गिटारीवर फिरवण्याचा त्याचा प्रयोगही सर्वश्रुत आहे. गजाने वाजणाऱ्या स्वराचा अखंडपणा त्याला हवा होता. १९७२ साली तो व प्लांट मुंबईत आले ते या ओढीनेच. येथे त्यांनी स्थानिक वादकांचा मेळ जमवून ‘फ्रेंड्स’ व ‘फोर स्टिक्स’ या आपल्या दोन रचना मुद्रित केल्या. मेळाची सूत्रे प्रख्यात बासरीवादक आणि फिल्म्स डिव्हिजनच्या अनेक बोलपटांचे संगीतकार विजय राघव राव यांच्याकडे होती. ‘फोर स्टिक्स’ची चाल पाच व सहा मात्रांच्या आवर्तनांतून आळीपाळीने जाते, झपतालाचे अर्धे अंग आणि दादऱ्याचे पुरे अंग यांचीच ती सांगड. या मुद्रणांत विजेच्या गिटारीचा गडगडाट नाही. तंतुवाद्ये, तबला आणि लाकडी गिटार इतक्यावरच काम झाले आहे. तरीही ऐकणाऱ्यास ही रचना कोणाची, हे क्षणात समजते. ही मुद्रणे त्रेचाळीस वर्षे पेटीत पडून राहिली व २०१५ साली ‘कोडा’ या संचाच्या नव्या आवृत्तीतून अधिकृतपणे बाहेर आली.

त्याच मुक्कामात घडलेली दुसरी गोष्ट याहून बोलकी आहे. कुलाब्यात ‘स्लिप डिस्क’ नावाचे एक लहानसे नृत्यगृह होते. तेथे एका रात्री पेज व प्लांट वाजवावयास उभे राहिले. लेस पॉल जवळ नव्हती, मार्शलची कपाटे नव्हती. मुंबईच्या मुलांची वाद्ये मागून घेऊन त्यांनी काम चालवले. त्या काळी परदेशी मालाच्या आयातीवर कडक निर्बंध होते. चांगली गिटार, तिच्या तारा, ध्वनिवर्धक या साऱ्याच वस्तू दुर्मिळ. पुष्कळांची मदार लॅमिंग्टन रोडवरील रेडिओच्या सुट्या भागांवर आणि ते जोडून देणाऱ्या कारागिरांवर असे. अशा जुळवाजुळवीच्या सामग्रीतून, ज्यास जग मौल्यवान यंत्रांची करामत समजत होते, ते संगीत त्या रात्री निघाले. यंत्राचे माहात्म्य किती व हाताचे किती, याचा हिशेब मुंबईच्या वादकांपुढे याहून स्पष्ट कोणी मांडला नसता.

हे बीज येथे ओस जमिनीवर पडले नाही. चित्रपटसंगीतात व्हॅन शिप्ले यांच्या विजेच्या गिटारीने लोकांचे कान आधीच तयार केले होते, आणि १९७१ सालच्या ‘हरे रामा हरे कृष्णा’ चित्रपटातील ‘दम मारो दम’ या गीतात भूपिंदर सिंग यांची गिटार घरोघर पोहोचली होती. आत्माराम भेंडे व आशा भेंडे या मराठी रंगभूमीवरील नामांकित दांपत्याचे चिरंजीव नंदू भेंडे हे मुंबईच्या रॉक वृंदांतून गात होते. १९७४ साली ‘जीझस क्राइस्ट सुपरस्टार’च्या मुंबईतील प्रयोगात त्यांनी ज्यूडासची भूमिका केली. २०१४ साली ते निवर्तले. १९८४ साली ‘रॉक मशीन’ हा वृंद स्थापन झाला. महेश तिनईकर हे त्याचे गिटारवादक. धोबी तलावाजवळील रंगभवनाचे उघडे नाट्यगृह तर १९८६ साली सुरू झालेल्या ‘इंडिपेंडन्स रॉक’ महोत्सवामुळे या संगीताचे माहेरच बनले. पुढे शांतताक्षेत्राचे नियम आले आणि तेथील कार्यक्रम थांबले. शेजारी रुग्णालय असता रात्री कर्णे लावू नयेत, ही मागणी न्याय्यच होती. परंतु येथेही शास्त्राचा विवेक उपयोगी पडतो. आक्षेप नादाच्या लहानमोठेपणास होता, त्याच्या जातीस नव्हे. आणि आज तीच जात लहान आवाजातही साधता येते.

नादाचे मूळ शेवटी कोठे असते, हे सांगणारी कथा एका कारखान्यातील आहे. शहाडच्या रेयॉनच्या व अंबरनाथच्या आयुधनिर्माणीच्या भोंग्यावर ज्यांची घड्याळे चालली, त्यांना ती अधिक भिडेल. इंग्लंडातील बर्मिंगहॅम शहरात टोनी आयोमी हा सतरा वर्षांचा मुलगा पत्र्याच्या कारखान्यात कामास होता. १९६५ साली, कामाच्या अगदी शेवटच्या दिवशी, यंत्राने त्याच्या उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोके तोडली. तो डावखुरा असल्यामुळे तारा दाबण्याचा हात नेमका तोच. गिटार संपली, असे डॉक्टरांनी सांगितले. तेव्हा कारखान्यातील त्याच्या वरिष्ठाने त्याला जँगो राइनहार्ट याची तबकडी ऐकवली. १९२८ च्या आगीत डाव्या हाताची दोन बोटे निकामी झाली असता हा मनुष्य उरलेल्या बोटांनी अजोड वाजवीत होता. आयोमीने प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांस टोपणे केली, त्यांवर चामडे चिकटवले, जाड तारा दाबवेनात म्हणून बारीक तारा लावल्या आणि पुढे, १९७१ च्या तबकडीवर, त्या तीन अर्धस्वर खाली उतरवून सैल केल्या. त्या उतरलेल्या, जड, काळोख्या नादाने ‘ब्लॅक सॅबथ’ हा वृंद ओळखला जाऊ लागला, आणि हार्ड रॉकच्या पुढील एका संपूर्ण घराण्याचा तो आधारस्वर ठरला. हा नाद त्याला कोणत्या दुकानात मिळाला नाही. तुटलेल्या बोटांनी जेवढे शक्य होते, त्यातूनच त्याने तो काढला.

आज उल्हासनगरच्या एखाद्या विद्यार्थ्यास दहा मजल्यांची यंत्रे लागत नाहीत. पेजची १९५९ ची गिटार, मार्शलचे व्हॉल्व्ह, आयोमीच्या सैल तारा, या साऱ्यांच्या नकला संगणकात तयार मिळतात, आणि बटण दाबताच तो प्रसिद्ध नाद कानी पडतो. ही सोय वाईट नव्हे. मिरजेचा तानपुराही गवयास तयारच मिळतो. परंतु तानपुरा विकत घेऊन जसा कोणी गवई होत नाही, तसाच दुसऱ्याचा नाद विकत घेऊन कोणी वादक होत नाही. ज्यांनी हे नाद प्रथम शोधले, त्यांच्या हाती फाटका कर्णा, बिघडलेले यंत्र, उसनी गिटार किंवा अधू बोटे होती. त्यांनी त्या उणिवेकडे कान बंद केले नाहीत, एवढेच. पेटीवरील बंदी तीस वर्षांत सैल झाली ती कोणी तिच्यातील दोष नाहीसे केले म्हणून नव्हे, तर त्या दोषांसकट तिच्यातून संगीत काढणारे हात या देशात टिकून राहिले म्हणून. नादाच्या जातीचा अंतिम निवाडा अशा हातांकडे असतो. शास्त्राने मागाहून येऊन त्याची नोंद करावयाची असते.